सगळीकडे सारखं लक्ष देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस. हाताने काही घडवत नाही. कारागिरांना काम करताना पाहिलं की वाटतं, ही आस्था आपल्या रोजच्या कामांतही यावी. भांडी घासणं, कपडे आवरणं, ईमेल लिहिणं, काहीही असो. पण चार दिवस उत्साहाने करतो आणि मग पहिले पाढे पंचावन्न. एवढं जीव ओतून करायला वेळ कुठून आणायचा? आणि हे शेवटी नीटनेटकेपणाचं खूळ तर नाही ना?"

मी लाकडाचं काम करतो. फर्निचर बनवतो आणि शिकाऊ मुलांना शिकवतोही. तेव्हा उत्तर सुताराच्या बाजूने देतो.

कारागीर प्रत्येक गोष्ट जीव ओतून करतो, असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं. तसं नसतं. तसं केलं तर दिवसभरात खुर्चीचा एक पायसुद्धा हातावेगळा होणार नाही. चांगल्या कारागिराचं लक्ष अतिशय असमान असतं. काही ठिकाणी तो श्वास रोखून काम करतो आणि काही ठिकाणी अक्षरशः उरकतो. कुठे काय करायचं हे त्याला पक्कं ठाऊक असतं, त्याचं कसब आहे ते तिथे. हातरंध्याच्या काळातलं एखादं चांगलं जुनं कपाट कधी बघायला मिळालं तर त्याचा ड्रॉवर बाहेर काढा आणि उलटा करा. पुढची दर्शनी बाजू गुळगुळीत, कोपऱ्यांचे सांधे घट्ट, आणि तळाच्या फळीवर मात्र रंध्याचे ओबडधोबड चर तसेच सोडलेले. तो आळस नव्हे. तळाला कुणाचा हात लागत नाही, डोळा जात नाही आणि त्यावाचून ड्रॉवरचं काही अडत नाही, हे बनवणाऱ्याने ओळखलं होतं. वाचलेला वेळ त्याने सांध्यांना दिला.

तुमचा उत्साह चार दिवसांत मावळतो, कारण तुम्ही तळाची फळीही घासत बसता.

मग लक्ष द्यायचं कुठे? खडबडीत फळी हातात आली की आम्ही सगळ्यात आधी तिची एकच बाजू सपाट करतो. मग तिला लागून असलेली एक कड गुण्यात, म्हणजे त्या बाजूशी काटकोनात, आणतो. या दोन्हींवर पेन्सिलीने खूण करतो. यापुढचं प्रत्येक माप या दोन बाजूंवरूनच घ्यायचं, समोरच्या कडेवरून नाही. त्या दोन बाजू चुकल्या तर पुढचं सगळं काम मन लावून केलं तरी वाकडंच होणार, कारण मोजणीच वाकड्या जागेवरून सुरू झालेली असते. म्हणून इथे वेळ लागला तरी चालतो. दुसरी जागा म्हणजे जिथून परत फिरता येत नाही ती. सांधा कापायची रेघ आम्ही पेन्सिलीने मारत नाही, सुरीने मारतो. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते आणि त्या जाडीत नेमकं कुठे कापायचं हा प्रश्न उरतोच. सुरीची रेघ म्हणजे लाकडातली बारीक खाचच असते. पटाशीचं टोक तिच्यात टेकवलं की ते तिथेच बसतं, घसरत नाही. म्हणजे कापताना लागणारी सावधगिरी अर्धीअधिक रेघ मारतानाच वापरून झालेली असते. या दोन जागांच्या मध्ये जे येतं, जादाचं लाकूड काढणं, भुसा पाडणं, ते धडाधड करायचं असतं.

रोजच्या कामांतही या दोन जागा शोधता येतात. ईमेलमध्ये परत न फिरण्याची जागा म्हणजे 'पाठवा'चं बटण. त्याआधी चार गोष्टी बघा: कुणाला जातंय, तारीख-वार जुळतात का, आकडे बरोबर आहेत का, फाइल जोडली का. वाक्य थोडं ओबडधोबड राहिलं तर वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही, पण 'मंगळवार १४' लिहिलं आणि १४ तारखेला बुधवार असला तर दोन माणसांचा दिवस वाया जातो. मी तर फाइल आधी जोडतो, मजकूर नंतर लिहितो आणि पत्ता सगळ्यात शेवटी घालतो. पत्ताच नसेल तर अर्धवट मजकूर चुकून जायचा प्रश्नच येत नाही. फॉर्म भरताना पहिली बाजू म्हणजे तो पूर्ण वाचून घेणं. पाहुणे यायच्या आधी घर आवरताना पहिली बाजू म्हणजे एक टेबल पूर्ण मोकळं करणं, म्हणजे बाकीचा पसारा तिथे आणून वेगळा करता येतो. हे शोधायला बुद्धी फार लागत नाही. काम सुरू करायच्या आधी क्षणभर थांबून विचारायचं: यातलं कशावर बाकी सगळं उभं आहे, आणि कोणती गोष्ट एकदा झाली की परत करता येणार नाही?

परत न फिरण्याच्या जागेवर लक्ष टिकवायचा जपानी रेल्वेतला एक साधा उपाय मला फार आवडतो. तिथले चालक आणि फलाटावरचे कर्मचारी सिग्नलकडे, वेगाच्या काट्याकडे, दरवाजांकडे बोट दाखवतात आणि जे दिसतं ते मोठ्याने उच्चारतात. नवख्या माणसाला हे पाहून हसू येतं. पण १९९४ साली तिथल्या रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेने याची परीक्षा घेतली. एका साध्या कामात शंभर कृतींमागे २.३८ चुका होत होत्या. बोट दाखवून उच्चारल्यावर त्या ०.३८ वर आल्या. डोळा सवयीने फिरतो आणि न पाहताच 'पाहिलं' म्हणतो. हात आणि जीभ त्याच्यासोबत जुंपली की त्याला खरंच थांबून बघावं लागतं. घराबाहेर पडताना गॅसच्या बटणाकडे बोट दाखवून 'बंद' म्हणून पाहा. जिन्यात पोचल्यावर मागे वळून जायची वेळ येत नाही. आमच्याकडे मोठी फळी कापायच्या आधी मी शिकाऊ मुलाला माप मोठ्याने वाचायला लावतो आणि कोणत्या बाजूचा तुकडा हवा आहे तिकडे बोट दाखवायला सांगतो. सुरुवातीला मुलं लाजतात.

आता उरलेल्या कामाबद्दल, म्हणजे जिथे लक्ष द्यायची गरज नाही त्याबद्दल. आजकाल कुणीही उठतं आणि सांगतं की भांडी घासताना फक्त भांडी घासण्यातच असावं, पाण्याचा स्पर्श अनुभवावा वगैरे. ज्याला जमतं त्याने जरूर करावं. मी भांडी घासताना रेडिओ लावतो. कारखान्यातही लांब रंधा मारताना माझं मन दुसरीकडेच असतं. हात कामावर असतो, कान कामावर असतो आणि एवढं पुरतं. धारदार रंधा धाग्याच्या, म्हणजे लाकडातल्या रेषांच्या, दिशेने चालला तर एकसंध, लांब सळसळ ऐकू येते. धागा उलटा लागला की आवाज खरखरीत होतो, आणि त्याच क्षणी मन आपोआप हातापाशी येतं. करवत वाकडी जायला लागली की डोळ्याला दिसायच्या आधी मुठीला जड लागते. कारागिराचं लक्ष हे असं असतं. ते सतत ताणलेलं नसतं, पण खूण मिळताच जागं होतं. हातांना या खुणा ओळखायला शिकवायच्या. शिकवायला लागते ती फक्त पुनरावृत्ती, तीही एकाच पद्धतीने केलेली. रोज वेगळ्या क्रमाने काम केलं तर कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता नवा हे कळणारच नाही.

घरात अशा खुणा भरपूर असतात आणि आपण त्या ऐकून सोडून देतो. दाराची बिजागरी कुरकुरते, पंख्याचा सूर बदलतो, नळ बंद करायला आधीपेक्षा अर्धा फेरा जास्त लागतो. नळाचा वायसर झिजतोय याची ती पहिली सूचना आहे. याच टप्प्यावर वायसर बदलला तर काम दहा मिनिटांचं. पण आपण हाताने जोर वाढवत जातो, आणि सततच्या दाबाने आतली बैठकच खराब होते. मग नळच बदलायचा.

एक उदाहरण अगदी जवळून दाखवतो, कारण हे काम प्रत्येकावर येतं. कपाटाच्या दाराची सैल बिजागरी किंवा रिमोटचं झाकण, कुठलाही स्क्रू काढून परत बसवायचा आहे. बहुतेक लोक स्क्रू भोकात टेकवतात आणि थेट पिळायला लागतात. प्लॅस्टिक किंवा भुशाच्या दाबलेल्या बोर्डात असं केलं की स्क्रू जुन्या आट्यांच्या शेजारी स्वतःचे नवे आटे कापतो. दोन-तीनदा असं झालं की भोकात धरायला काही उरत नाही आणि स्क्रू नुसताच गरगर फिरतो. त्याऐवजी स्क्रू भोकात टेकवा आणि आधी उलटा, म्हणजे सुटण्याच्या दिशेने, हलकेच फिरवा. फेऱ्यात एका जागी तो किंचित खाली बसल्याचं बोटांना कळेल, कधी बारीकसा 'टक्' आवाजही येईल. तिथे जुन्या आट्याचं तोंड आहे. तिथून सुलटा फिरवा. जुळला असेल तर तो बोटांच्या जोरावरच आत जायला लागेल. जड लागला तर समजा जुळलेला नाही, पुन्हा उलटा फिरवा. पट्टीला चार स्क्रू असतील तर चारही आधी सैलच लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. पहिलाच घट्ट केला तर चौथ्याचं भोक हमखास सरकलेलं सापडतं. आणि पेचकसाचं टोक स्क्रूच्या खाचेत डगमगत असेल तर पेचकस बदला, जोर लावू नका. स्क्रूची खाच एकदा झिजून गोल झाली की साधं काम किचकट होऊन बसतं.

या सगळ्याला किती वेळ जास्त लागला? जवळजवळ नाहीच. उलटं फिरवायला लागतात दोन सेकंद. वेळेच्या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. काळजीपूर्वक काम म्हणजे सावकाश काम, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वेळ खातात त्या दोन गोष्टी: बोथट हत्यार आणि शोधाशोध. बोथट पटाशी जोराने ढकलावी लागते, जोराने ढकललेली पटाशी नको तिथे जाते, आणि मग ती चूक झाकण्यात तासभर. म्हणून काम सुरू करायच्या आधी धार बघणं हा कामाचाच भाग, वेगळा उपचार नव्हे. हत्यारांची जागाही तशीच. माझ्या बाकावर पटाश्या रुंदीच्या क्रमाने असतात आणि हात न पाहता योग्य पटाशीवर पडतो. हे शोभेसाठी केलेलं नाही. मापं डोक्यात असताना मधेच हत्यार शोधावं लागलं की डोक्यातलं माप निसटतं.

तुमच्या घरात कात्री, टेप, पेन, चार्जर, किल्ल्या या पाच वस्तूंना पक्की जागा द्या. पाचच. सगळं घर लावायला निघू नका. जागा ठरवताना वस्तू कुठे छान दिसेल ते पाहू नका, वापरून झाल्यावर हात तिला कुठे ठेवतो ते पाहा. किल्ल्या रोज दाराजवळच्या स्टुलावर पडत असतील तर खुंटी तिथेच लावा. दिवाणखान्यात ठेवलेल्या सुंदर डबीत त्या कधीही जाणार नाहीत.

आता खुळाबद्दल. ही शंका बरोबर आहे, आणि आमच्या धंद्यातही हा रोग आहे. नवीन शिकलेला मुलगा ड्रॉवर इतका तंतोतंत बसवतो की कागदही आत जाणार नाही, आणि त्याला वाटतं हीच कला. हवा दमट झाली की तो ड्रॉवर अडकतो. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आक्रसतं. म्हणून जाणता सुतार ड्रॉवरला थोडी फट ठेवतो, दाराच्या चौकटीत बसवलेली रुंद फळी गोंदाने चिकटवत नाही, खाचेत मोकळी सोडतो. चिकटवली तर ती फुगताना चौकट उकलेल किंवा आक्रसताना स्वतः फाटेल. किती सैल सोडायचं हे ठरवणं घट्ट बसवण्यापेक्षा अवघड आहे. खूळ आणि कारागिरी यांत फरक करायची माझी कसोटी हीच: ही काळजी वस्तू वापरणाऱ्याच्या उपयोगी पडते की फक्त करणाऱ्याचं समाधान करते? वेळापत्रकात दोन कामांमध्ये फट न ठेवणारा माणूस आणि कागद न शिरणारा ड्रॉवर बनवणारा मुलगा, दोघांचं दुखणं एकच.

या बाबतीत जपानच्या यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) यांचं काम आठवतं. त्यांनी 'मिंगेई' म्हणजे लोकांच्या साध्या हस्तकलेची चळवळ उभी केली आणि १९३६ मध्ये टोकियोत तिचं संग्रहालय सुरू झालं. तिथे त्यांनी मानाने मांडल्या त्या सामान्य माणसांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू: वाडगे, बरण्या, कापड, ज्यांच्यावर कुणाची सही नाही. कुंभार एकाच आकाराची भांडी ढिगाने करायचा, भराभर करायचा. सौंदर्याचा विचार करायला त्याला सवड नव्हती, आणि यानागींचं म्हणणं असं की त्या पुनरावृत्तीतूनच त्या भांड्यांना त्यांचा सहज डौल आला. मला हे पटतं. आमच्या कामातही एखाद्याने एकच खुर्ची महिनाभर कुरवाळत बसण्यापेक्षा साधी स्टुलं पाठोपाठ केली तर त्याचा हात लवकर बसतो.

एक इशारा देतो, हवं तर धंद्याबाहेरचा समजा. ही काळजी स्वतःच्या कामापुरती ठेवा. दुसऱ्याने घडी घातलेला टॉवेल उलगडून तुमच्या पद्धतीने परत घडी घालायची नाही. कारखान्यातही दुसऱ्या कारागिराच्या बाकावरची हत्यारं कुणी लावून देत नाही, ती त्याच्या हाताच्या हिशेबाने ठेवलेली असतात. घरातली माणसं तुमच्या आस्थेला कंटाळली तर चार दिवसांत सगळं पूर्वपदावर येईल, आणि ते योग्यच होईल.

चार दिवसांनी उत्साह ओसरण्याचं आणखी एक कारण आहे, आणि मला वाटतं तेच मोठं. लाकूड लगेच उत्तर देतं. सांधा बसला की नाही हे त्याच क्षणी दिसतं, कुणाच्या शाबासकीची वाट पाहावी लागत नाही. घरच्या कामांत असं उत्तर सहसा मिळत नाही, म्हणून हात सुधारत नाही आणि मनही रमत नाही. तेव्हा प्रत्येक कामासाठी एक परीक्षा ठरवा, काही सेकंदांत होणारी. काचेचा ग्लास उजेडासमोर धरा. ताटाच्या मागच्या कडेवरून कोरडं बोट फिरवा, डोळ्याला न दिसणारा तेलकटपणा बोटाला लागतो. केर काढून झाल्यावर खाली वाकून जमिनीलगत तिरप्या उजेडात बघा. आम्ही पॉलिशच्या आधी फळी अशीच बघतो, दिवा बाजूला खाली धरून, कारण वरून पडलेल्या उजेडात ओरखडे लपतात. पत्र लिहिलं असेल तर थोडा वेळ जाऊ द्या आणि ते मिळणाऱ्या माणसाच्या बाजूने वाचा: त्याने पुढे काय करायचं हे त्याला कळतंय का? या परीक्षेत नापास झालात तरी तिथेच दुरुस्त करता येतं, आणि उद्या हात तिथे आपोआप जास्त फिरतो.

सुरुवात करायची तर एकाच कामापासून करा, आणि माझं मत विचाराल तर स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लावण्यापासून. हे काम लाकडाइतकंच लगेच उत्तर देतं. साधारण १००० नंबरचा पाण्याचा दगड घ्या, त्याला लागेल तसं भिजवा आणि खाली ओलं फडकं घालून तो न हलेल असा ठेवा. बहुतेक घरगुती सुऱ्यांना प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांचा कोन चालतो. कोन डोळ्याने काढायचा असेल तर सुरी दगडावर उभी धरा, मग अर्ध्यावर झुकवा, मग उरलेल्याच्या पुन्हा अर्ध्यावर. हे झाले साडेबावीस, त्याहून जराशी खाली आणा. आता धारेच्या उतारावर मार्करची शाई फासा आणि दगडावर दोन-चार हलके हात मारून शाई कुठे पुसली गेली ते बघा. अगदी धारेजवळ शाई उरली असेल तर पातं थोडं उभं करा. धारेजवळची पुसली गेली आणि वरची उरली असेल तर थोडं आडवं करा. पूर्ण उतार एकसारखा पुसला जाईपर्यंत शाई परत परत लावा. एक बाजू घासत गेलात की दुसऱ्या बाजूने, पात्याच्या कण्याकडून धारेकडे अंगठा अलगद नेल्यावर खरखरीत बारीक कड लागेल. ती पूर्ण लांबीभर लागली की ती बाजू झाली, मग सुरी पालटा. शेवटी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, दाब कमी कमी करत, ती कड काढून टाका. पारख अंगठ्याने करू नका, कागद धरून तो कापून करा. कुठे कागद अडखळला तर पात्याचा तेवढाच भाग राहिला आहे, तेवढाच परत घ्या.

काचेच्या किंवा दगडी पाटावर कापलंत तर ही धार फार टिकणार नाही, लाकडी किंवा साधा प्लॅस्टिकचा पाट वापरा. आणि धार लावून झाल्यावर घरातल्या सगळ्यांना तसं सांगा. बोथट सुरीची सवय झालेला हात जास्त जोर लावतो.